वखारीतला पहारा

कापसाला सोन्याचं मोल आलं होतं, त्या वर्षांतली गोष्ट. अकोल्यात सरकारनं गावोगावच्या पंतोजींची परीक्षा ठेवली. पास होईल त्याच्याकडे गावची शाळा राहायची, नापासाची दुसऱ्याला मिळायची. कचेरीत जागा पुरेना, म्हणून एका व्यापाऱ्याची कापसाची वखार झाडून घेतली. पहाऱ्याला अमरावतीहून तेवीस वर्षांचा गोपाळकृष्ण मास्तर आला. हुकूम साधा होता. बोलेल त्याला एकदा ताकीद, दुसऱ्यांदा कागद काढून घ्यायचा.

गोणपाटावर चौदा जण बसले. त्यांत गोपाळकृष्णाला कमलाकांतपंत दिसले. त्याचं बोट धरून धुळाक्षरं यांनीच गिरवून घेतली होती. पंतांनी ओळख दाखवली नाही. त्यांच्या मागे खुशालराव नावाचा, शाळा मिळवायला आलेला तरणा गडी बसला होता. तो आधीच दारात त्यांना म्हणाला होता, "पंत, या वयात परीक्षा? घरी नातू हासून राहिले असतील."

पहिला तास बरा गेला. मग गणित आलं, साडेतीन हात रुंद भिंतीचं. पंतांनी बोरू ठेवला, डोळे मिटले आणि ते डोलू लागले. औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, चाळीस वर्षं त्यांनी रोज सांजेला पोरांसोबत खड्या आवाजात म्हटला होता. कागदावर मांडलेला असा तो त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

"बे औटे सात, तीन औटे साडेदहा..."

खुशालराव मान खाली घालून भराभर लिहू लागला.

गोपाळकृष्णानं जवळ जाऊन हळूच ताकीद दिली. पंत ओशाळले. त्यांनी उपरण्याचा बोळा दातांत धरला आणि कागदाकडे पाहत बसले. बोरूची शाई वाळली. छपराच्या वाशांवरून कापसाचे तंतू कागदावर उतरत होते, ते त्यांनी दोनदा झटकले. असा बराच वेळ गेला. मग बोळा कधी गळून पडला ते त्यांनाही कळलं नाही.

"पाच औटे साडेसतरा..."

गोपाळकृष्णानं कागद घेतला.

"मी बोललो?" पंतांनी विचारलं.

"हो, गुरुजी."

"खरंच बोललो असेन मग. तू खोटं सांगणार नाहीस." जोडे हातात घेऊन ते उठले आणि अनवाणीच बाहेर पडले.

परीक्षा संपल्यावर गोपाळकृष्णानं खुशालरावाला दारात अडवलं. तो शांतपणे म्हणाला, "मले काहून अडवता, मास्तर? मी तं तोंडबी उघडलं नाई." ते खरंच होतं. अहवालात लिहिण्यासारखं त्याच्याविरुद्ध काही नव्हतं.

खुशालराव पास झाला. पंतांचीच शाळा त्याला मिळाली. पंत लेकीकडे धामणगावला गेले, ते परतले नाहीत.

पुढच्या वर्षी गोपाळकृष्ण त्या शाळेत तपासणीला गेला. मुलं ओठ मिटून पाट्यांवर लिहीत होती. कुणी डोलत नव्हतं. त्यानं एका मुलाला विचारलं, पाच औटे किती? मुलानं खुशालरावाकडे पाहिलं. खुशालराव खिडकीबाहेर, कापसाच्या गाड्यांकडे पाहत राहिला.

"साडेसतरा," गोपाळकृष्णच म्हणाला. त्याला ताकीद द्यायला तिथं कुणी नव्हतं.