सुईणबाईचा हिरवा मणी

मित्रांनो, बोराएवढा हिरवा दगड दिसतोय ना, तो मी. मी एक जुना मणी आहे. इतका जुना, की वर्षं मोजणं मी कधीच सोडून दिलं. ग्वाटेमालाच्या डोंगरांत माया लोकांची नगरं गजबजलेली होती, तेव्हा एका कारागिरानं ओली वाळू लावून, पोकळ काडी फिरवत फिरवत मला भोक पाडलं. किती दिवस खपत होता बिचारा!

गावानं मला एका सुईणीला दिलं. जन्मभर मी तिच्या मनगटावर होतो. कितीतरी बाळांचं पहिलं रडणं मी ऐकलं. ती गेली, तेव्हा तिच्या लेकीनं दळलेला मका आणि मला तिच्या तोंडात ठेवलं. मका शिदोरीसाठी, मी श्वास सांभाळायला. तेच माझं शेवटचं काम.

पुढे शेकडो वर्षांनी कुदळी आल्या. चोरांनी मला ओढून काढलं, विकलं. हात बदलत बदलत मी न्यू जर्सीत, पार्सिपनीच्या एका गराज सेलमध्ये पोचलो. कादंबरी नावाच्या मराठी आईनं मला काळ्या दोऱ्यात ओवलं आणि आठव्या वाढदिवसाला लेकीच्या, आन्याच्या गळ्यात बांधलं. खोटं कशाला बोलू, त्या गळ्याची ऊब मला आवडली. पण तिकडे सुईणबाई माझ्यावाचून होती.

आन्याच्या शाळेच्या कॅफेटेरियात मार्ता काम करायची. ती माया लोकांपैकी, ग्वाटेमालाचीच. मला पाहताच तिचा हात थबकला. दुपारी कादंबरी लेकीला न्यायला आली, तेव्हा मार्ता तिला हळूच म्हणाली, "माझे वडील उत्खननात खोदकाम करायचे. असे मणी मेलेल्या माणसाच्या तोंडात सापडतात."

घरी कादंबरीनं नवऱ्याला सगळं सांगितलं.

सिद्धेश हसला. "अगं यार, एवढासा दगड! आणि मार्ताला तरी नक्की काय माहीत?"

"बाबा गेले तेव्हा मला पोचता आलं नाही," कादंबरी म्हणाली. "दादानं त्यांच्या तोंडात तुळशीपत्र आणि सोन्याचा मणी ठेवला, तो मी व्हिडिओ कॉलवर पाहिला. तो कुणी काढून विकला असता, तर?"

सिद्धेशचं हसू विरलं. त्यानं ग्वाटेमालाच्या वकिलातीचा नंबर शोधला.

"But Aai, it's mine!" आन्यानं मला मुठीत घट्ट धरलं. "तूच दिलास ना? बर्थडेला!"

"हो गं राणी. मीच दिला. पण तो माझा नव्हताच."

आन्या खूप रडली. दोन दिवस आईशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आपणहून आईपुढे पाठ करून उभी राहिली. "गाठ सोड. मला सुटत नाहीये."

वकिलातीतल्या बाईंनी फॉर्म भरायला घेतला. कुठल्या गावचा? माहीत नाही. कुणाचा?

"कुणाच्या तरी आजीचा किंवा आजोबांचा," आन्या इंग्रजीत म्हणाली. "नाव माहीत नाही. पण प्लीज, शोधाल ना?"

बाईंनी तसंच लिहून घेतलं.

मित्रांनो, जुनी सुंदर वस्तू हाती आली, तर आधी विचारा, ही कुणाची? माणसांची थडगी उकरू नका, उकरलेलं विकत घेऊ नका. कारण एकदा जागा सुटली, की परतीची वाट सांगणारं कुणी उरत नाही. त्या टेबलावर सुईणबाईचं नाव एकट्या मला ठाऊक होतं. आणि मी दगड.