जीभसाहेबांची पहिली चिमूट

चहाच्या वखारीत त्यांना सगळे जीभसाहेब म्हणत. रोज दीडदोनशे कपांतला एकेक घोट तोंडात खळखळवायचा, थुंकायचा आणि कोणता चहा किती पाण्यात आहे ते सांगायचं, हे त्यांचं एकतीस वर्षांचं काम. पोट जिभेवर, म्हणून जिभेचे लाड. तिखट नाही, लसूण नाही, कच्चा कांदा तर नावालाही नाही. घरात माणसं दोन, त्यांच्यासाठी दोन चुली कोण मांडणार? लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून बायकोही मुकाट्याने फिके बटाटे खाऊ लागली. तिच्या भावाने तेव्हा बजावलं होतं, "आमची ताई मिरचीवाचून घास उचलत नाही, सांभाळा." कसलं सांभाळलं! ही गोष्ट जीभसाहेबांना आतून खात असे, पण विचारायचा धीर होत नव्हता. ती "हो, फार सोसलं" म्हणाली असती तर?

शुक्रवारी ते निवृत्त झाले. सोमवारी बाजारातून भरड कुटलेल्या लाल मिरचीची बाटली आणली. बायको बाहेरच्या खोलीत मशीनवर गिऱ्हाइकाचे पडदे शिवत होती. आज दुपारी आपल्या हातचं जेवू घालायचं आणि माफी मागून मोकळं व्हायचं, असं त्यांनी ठरवलं. भात लावला, बटाटे आणि अंडी उकडली. मग कढईतल्या तेलातून धूर निघेपर्यंत वाट पाहिली आणि त्यात दोन चमचे मिरची ओतली. पुढच्याच क्षणी अख्खं घर खोकायला लागलं.

बायको पदर नाकाला लावून आली. खिडकी उघडली, कढई धुतली, नवं तेल घातलं. "तेल तापलं की गॅस बंद. मग थोडं थांबायचं. मिरची शेकायची असते, जाळायची नसते." तिने थोडी मिरची तेलात शेकली, त्यात बटाटे परतले. मग कोरडी चिमूट उंचावरून अंड्यांवर फिरली, मग भातावर कणभर. हात सरावाचा होता.

जीभसाहेबांना बारकावे टिपायची सवय होती, त्यामुळे त्यांच्या नजरेतून हे सुटलं नाही. "एकतीस वर्षं मिरचीला शिवली नाहीस ना तू?"

ती हसली. मशीनच्या खणातून, रिळांच्या मागून, तिने अर्धी रिकामी बरणी काढली. "दुपारी तुम्ही कुठे असायचात?"

जीभसाहेबांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं आणि लगेच राग आला. "म्हणजे मी इथे मनातल्या मनात कुढत बसलो, आणि तू रोज रात्री माझ्यासमोर नाटक करत होतीस?"

"नाटक कसलं? दुपारी मला हवं ते खायचे, रात्री तुमच्याबरोबर जेवायचे. तुमच्याबरोबर जेवायला आवडायचं मला. त्यात मिरचीचा काय संबंध?"

त्यांनी एक घास घेतला. जीभ पोळली, कान तापले, आणि बटाटा इतका गोड असतो हे त्यांना साठीत कळलं. दुसरा घास घेताना मात्र त्यांचा हात थांबला.

"अगं, पण आता मी रोज घरी. म्हणजे तुझी दुपार गेली."

तिने खरोखर विचार केला.

"गेली खरी," ती म्हणाली. "सरका जरा, मला बसू द्या."