डाव्या बुटातला खडा

वीस पौंड बासमती.

वाटाण्याएवढा करडा खडा.

"अहो, देवाचं दार आहे!"

तीन बोटं.

मेणाची डबी, अर्धी संपलेली.

मित्रांनो, हे तुकडे माझेच आहेत. मी एक जुना बूट. डावा. उजवा शेजारीच असतो, पण तो फारसा बोलत नाही. कॅनडात, ग्वेल्फमधल्या एका बेसमेंटमध्ये, विंटर टायर्सच्या वरच्या फळीवर आम्ही राहतो.

माझा जन्म कारखान्यातला. कातडं, लोकर, रबर. टोरोंटोच्या दुकानात विकणाऱ्याने मला वाकवून दाखवलं आणि म्हणाला, उणे तीसमध्येही पाय गरम राहील. दीनानाथ आजोबांनी मला तिथेच घातलं, ते घरी येईपर्यंत काढलंच नाही. जन्मभर विद्यापीठात मातीचा अभ्यास केलेला माणूस. निवृत्तीनंतर त्यांना एकच गोष्ट हवी होती. लडाखच्या डोंगरात चार दिवस चालून एका गोंपाचा, म्हणजे बौद्ध मठाचा, हिवाळी उत्सव बघायचा. मुखवटे घातलेल्या लामांचा नाच.

त्यासाठी ते पाठीवर वीस पौंड तांदूळ घेऊन बेसमेंटच्या पायऱ्या चढायचे, उतरायचे.

"पुरे आता," सुहासिनी आजी वरून ओरडायच्या. "तांदूळ वर आणा, कुकर लावायचाय."

"अजून दहा फेऱ्या!"

"मग भातही लडाखलाच खा."

एकदा नदीकाठी चालताना माझ्यात खडा शिरला. मला पहिल्याच पावलाला कळलं. आजोबा दुपारभर चालत राहिले. घरी येऊन मोजा काढला, तर तो रक्ताने भिजलेला. त्यांना मधुमेह होता, बोटांतली जाणीव गेली होती. त्यांनी मोजा धुतला, खडा खिडकीतून बाहेर टाकला आणि वर जाऊन जेवले. कुणाला काही बोलले नाहीत. बोलले असते, तर जाणंच रद्द झालं असतं.

आम्ही गेलो, आजीही सोबत होत्या. मंत्र कोरलेल्या दगडी भिंती उजव्या हाताला ठेवत चार दिवस मी बर्फ तुडवला. आत थेंब येऊ दिला नाही.

गोंपाच्या दाराशी पोचलो तेव्हा आत कर्णे वाजत होते. वाटाड्या खेचरं बांधायला मागे राहिला होता. आजी म्हणाल्या, "अहो, देवाचं दार आहे! बूट काढा." दोघांनीही काढले.

दहा मिनिटांत आजी कळवळत परत आल्या, त्यांनी आपले बूट घातले आणि दाराबाहेर उन्हात बसल्या. तिथून त्यांनी हाक मारली, "अहो, या ना बाहेर. पाय गारठतील."

"मला काही गार लागत नाहीये!"

केवढी ही श्रद्धा, असं आजींना वाटलं. घामाने ओल्या मोज्यांनिशी आजोबा अंगणातल्या बर्फाळ फरशीवर तीन तास उभे होते. मी दाराशी. रिकामा.

बोटं आधी निळी पडली, मग काळी. डाव्या पायाची तीन कापावी लागली. आता ते काठी घेऊन घरातल्या घरात फिरतात.

आजी अधूनमधून खाली येतात आणि मला मेण लावतात. गेल्या रविवारी नात ईशानी आली होती.

"आजी, लेट्स डोनेट दीज. कुणीच घालत नाही."

"राहू दे."

"बट व्हाय?"

"मीच काढायला लावले ना गं. माझ्याच तोंडून गेलं."

आजोबा पायरीवर काठी धरून बसले होते. खड्याचं त्यांना माहीत होतं, आणि मला. मित्रांनो, मी वाट पाहिली. त्यांच्या एका वाक्याने आजींच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं. त्यांनी तोंड उघडलं.

"चहा टाकतेस का?"

आजींनी डबी बंद केली आणि त्या वर गेल्या.

मला जपा, असं मी सांगणार नाही. मला नको तेवढं जपलंय. घरात कुणाला मधुमेह असेल तर त्यांचे पाय रोज बघा, बोटांच्या मधेसुद्धा. दुखलेलं तर आपण सगळेच सांगतो. काही दुखायचं थांबलं, तर तेही घरी सांगा.

त्या अंगणात नाचणाऱ्या लामांच्या पायांत बूट होते.