उंबरठ्यावरून नको

पोलंडमधल्या लुब्लिनच्या वसतिगृहात आमचं सावल्यांच्या बाहुल्यांचं मंडळ होतं, चौघांचंच. तालमीची तळघरातली खोली गेली असती तर मंडळही संपलं असतं. म्हणून गाणाऱ्या मंडळाचा बोगुमिल खसखशीचा केक घेऊन आला, तेव्हा आमची प्रमुख यागोदा दार अडवूनच उभी राहिली.

"तुमच्या सावल्या, आमची गाणी. मिळून एक प्रयोग करू," तो म्हणाला.

"आणि मग खोलीही मिळूनच वापरू, हो ना?"

"अगं बाई, आधी हात तरी मिळव!"

तिने हात पुढे केला, तर त्यानेच आपला मागे घेतला. "उंबरठ्यावरून नको. भांडणं होतात."

"आत शिरायची युक्ती बरी आहे रे!"

"मग तूच बाहेर ये."

यागोदा धुसफुसत बाहेर गेली. कडेवर रडणाऱ्या माझ्या छोट्या लिल्काला सावरत मीही डोकावले. जिन्याखाली त्याच्या मंडळातल्या दोघी अंगात कोट घालूनच गात होत्या. त्यांना खोलीच नव्हती. लिल्का रडायची थांबून ऐकत राहिली.

गाणं संपल्यावर यागोदाने बोगुमिलशी हात मिळवला.

"रविवारी तालमीला या," ती म्हणाली. "पण किल्ली माझ्याकडेच राहील, सांगून ठेवते."