खोडून टाकलेला प्रवेश

आधी एक काम करा. डोळे मिटू नका, नाहीतर पुढचं वाचणार कसं? पण असं समजा, की तुम्ही एका लाकडी स्टुलावर बसला आहात. स्टूल रंगमंचाच्या कडेला, जाड काळ्या पडद्याआड आहे. मांडीवर पुस्तक, हातात बोटाएवढी विजेरी. चार पावलांवर, झगझगीत उजेडात, नट बोलताहेत आणि तुमचं बोट त्यांच्याबरोबर ओळीवरून सरकतं आहे. कुणी अडखळलं, की त्याचं पुढचं वाक्य त्याला हळूच सांगायचं. इतकं हळू, की त्याला ऐकू जावं आणि पहिल्या रांगेला जाऊ नये. जमेल? अवघड असतं हे काम. करणाऱ्याला प्रॉम्प्टर म्हणतात, आणि या गोष्टीतली प्रॉम्प्टर अकरा वर्षांची होती.

नाटकमंडळीत तिला सगळे कुजबुज म्हणायचे. तिचा मामा तिथं दिवे सांभाळायचा. शाळा सुटली की ती मामाच्या मागे मागे तालमीला जायची. जुनी प्रॉम्प्टर लग्न करून परगावी गेली, तेव्हा दिग्दर्शकबाईंनी हिच्या हातात पुस्तक दिलं. पन्नास तालमी आणि चार प्रयोग झाले, पण हिचं बोट एकदाही ओळीवरून हललं नाही.

मग पाचवा प्रयोग आला.

राजाचं काम करणारे गृहस्थ एका मोठ्या कचेरीत साहेब होते. म्हणजे सकाळी साहेब आणि संध्याकाळी राजे, त्यामुळे खाली उतरायची सवय त्यांना राहिली नव्हती. सगळे त्यांना राजासाहेबच म्हणायचे. काम मात्र फार सुरेख करायचे. फक्त दुसऱ्या प्रवेशाच्या शेवटी एक ठरलेली जागा होती, तिथं त्यांचं घोडं हटकून अडायचं. पाचव्या प्रयोगातही अडलं. कुजबुजनं वाक्य दिलं. ते ढिम्म उभे. तिनं पुन्हा दिलं, जरा मोठ्यानं. तरी ढिम्म. प्रेक्षकांत खसखस पिकली. शेवटी प्रधानाचं काम करणाऱ्यानं विंगेतून परत येऊन काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

प्रयोग संपल्यावर राजासाहेब मुकुट न काढताच विंगेत आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ही पोरगी झोपली होती. उद्यापासून ही तरी राहील, नाहीतर मी."

"मी दोनदा सांगितलं वाक्य," कुजबुज म्हणाली.

"ऐका. वर उलटून बोलते."

बाईंनी खाली पाहिलं. प्रधानानं खाली पाहिलं. मामा दिव्याची वायर गुंडाळत होता, तो गुंडाळतच राहिला. राजाशिवाय नाटक होत नाही आणि प्रॉम्प्टर काय, दुसरा मिळतो. बाई एवढंच म्हणाल्या, "पुस्तक सोमवारी आणून दे हं, बाळ."

पुस्तकाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. छापील नाटकात राजा पुलावरून थेट राजवाड्यात जातो. पण तालमी चालू असताना बाईंना एक नवीन प्रवेश सुचला. राजा साध्या माणसाच्या वेषात नदीवर येतो आणि एक नाववाली त्याला पलीकडे नेते. हा सगळा प्रवेश कुजबुजनं बारीक अक्षरात पुस्तकातल्या कोऱ्या पानांवर उतरवला होता. पेन्सिलीनं. बाईंचा नियमच तसा होता, कारण बाई रोज मत बदलायच्या. नटांकडे फक्त आपापली वाक्यं असायची. अख्खा प्रवेश सलग लिहिलेला होता तो त्या एका पुस्तकात.

रविवारी दुपारी कुजबुज जेवणाच्या टेबलाशी बसली आणि तिनं तो खोडला. आठ पानं. आईला वाटलं, पोरगी अभ्यासाला बसलीय. खोडरबराचा चुरा तिनं फुंकरीनं उडवला, पान उजेडाकडे तिरकं धरून पाहिलं, आणि जिथं पेन्सिलीचा वण दिसला तिथं पुन्हा घासलं. सोमवारी पुस्तक परत दिलं तेव्हा बाई म्हणाल्या, "किती जपलंस गं." 

आता पुढे काय होणार, हे तिला पाठ होतं. दुसऱ्या प्रवेशाच्या शेवटी, त्या ठरलेल्या जागेवर राजानं म्हणायचं असतं, "पूल नको. मी नावेनं जाईन." तो अडणार. नवा प्रॉम्प्टर छापलेलं वाक्य देणार, "पुलावरून चला, राजवाड्याकडे." तो ते बोलणार. राजवाड्याचं नाव ऐकलं की दिवे बदलायचे, हे मामाच्या बोटांत बसलेलं. म्हणजे नदीच्या जागी राजवाडा उजळणार, आणि त्या उजेडात राजासाहेब आ वासून उभे. साडेतीनशे माणसांसमोर. त्यांनी तिला पंधराच माणसांसमोर खोटं पाडलं होतं. हिशोब तिच्या बाजूनं जरा जास्तच होता, पण तिची काही हरकत नव्हती.

नाववालीचा प्रवेश त्यात गळला असता. गळू दे. नाववालीचं काम करणारी तिला कधी हाकसुद्धा मारायची नाही.

शनिवारी दुपारी तिची मैत्रीण फुगी दारात उभी राहिली. या दोघी पहिलीपासून एका बाकावर बसायच्या. फुगी हसली की गाल फुगायचे, रुसली की त्याहून जास्त फुगायचे, म्हणून फुगी. तिच्याकडे पहिल्या रांगेचे पास होते.

"चल, नाटकाला जाऊ. तीनचा प्रयोग आहे."

"त्या नाटकाला?"

"तुझं भांडण झालंय, माहितीय मला. तरी चल. माझ्यासाठी चल. कारण आत्ता नाही सांगणार."

कुजबुजला कारण नकोच होतं. ती पायात चपला सरकवून तयार.

नाट्यगृहाच्या दारात फुगीचे बाबा भेटले. त्यांची बेकरी होती, आणि त्यांच्या भुवयांना बारा महिने मैदा लागलेला असायचा. आज भुवया काळ्याभोर होत्या, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट.

"काका, बेकरी?"

"बंद," काका म्हणाले, आणि स्वतःच दचकल्यासारखे झाले. "आज बंद ठेवली."

पडदा उघडला. कुजबुजनं सगळ्यात आधी स्टूल शोधलं. पहिल्या रांगेच्या टोकाला बसलं की काळ्या पडद्याच्या फटीतून विंग दिसते. राजाच्या डाव्या हाताला, तिच्या जागेवर, स्टूल नव्हतं. ते त्याच्या उजव्या हाताला हलवलं होतं. त्यावर जाड चष्मा लावून नवे प्रॉम्प्टर बसले होते. पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेले एक काका. इतके साधे, की पुस्तक त्यांनी दोन्ही हातांत पत्र धरावं तसं धरलं होतं.

स्टूल उजवीकडे का? आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तालमीत बाई राजासाहेबांना डावीकडून हाक मारायच्या तेव्हा त्यांना दोनदा मारावी लागायची. त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. एरवी अडले की ते मान तिच्याकडे वळवायचे, पाचव्या प्रयोगात वळवली नव्हती. आणि हे त्यांना ठाऊक होतं. नाहीतर त्यांनी स्टूल हलवायला सांगितलंच नसतं. ती झोपली नव्हती, हे पक्कं माहीत असून त्यांनी तिला झोपाळू ठरवलं होतं.

आतापर्यंत तिला नुसता राग होता. आता तिला सुखच वाटायला लागलं. ती खुर्चीत मांडी घालून बसली, जशी आपण आवडीची गोष्ट ऐकायला बसतो.

पहिला प्रवेश झाला. दुसरा सुरू झाला. फुगीनं तिचा हात धरला. फुगीचा तळवा घामानं चिंब होता.

"आता मला राहवत नाही," फुगी तिच्या कानात म्हणाली. "पुढच्या प्रवेशात नाववाली येते ना, ती आमची ताई आहे."

"कोण?"

"ताई. आमची ताई. आधीच्या नाववालीची बदली झाली. ताई तिथं कपडे शिवायला जायची ना, तर बाई तिला म्हणाल्या, तूच कर. आठ दिवस बाईंच्या घरी जाऊन, आधीचीच्या वाक्यांच्या कागदावरून शिकली. बाबांना आज सकाळी सांगितलं. मला वाटलं रागावतील, तर त्यांनी बेकरीच बंद केली."

कुजबुजनं वाकून पाहिलं. बेकरीवाले काका दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसले होते, फोटो काढायला बसावं तसे.

ताईला ती पाचव्या वर्षापासून ओळखत होती. ताईनं तिच्या दोन वेण्या घातल्या होत्या, फाटलेलं दप्तर शिवून दिलं होतं. आणि ताई आत्ता विंगेत वल्हं घेऊन उभी असणार, जो प्रवेश होणारच नाही त्याची वाट बघत.

उठून विंगेत पळत जावं? वेळ होता. दोन मिनिटं तरी होती. पोस्टातल्या काकांना एक वाक्य सांगितलं की झालं. पण मग राजासाहेब सहीसलामत सुटणार. मुकुट सरळ करणार आणि टाळ्या घेणार. कुजबुज बसून राहिली. मी तुमच्यापासून लपवणार नाही, ती चांगली दीड मिनिट बसून राहिली.

प्रधान गेला. राजा एकटा उरला. त्यानं एक पाऊल पुढे टाकलं, हात वर केला, आणि अडला.

उजव्या विंगेतून पोस्टातल्या काकांचा आवाज आला, खोल आणि स्पष्ट. "पुलावरून चला..."

राजासाहेबांनी श्वास घेतला. "पुला..."

"पूल नको," कुजबुज उभी राहून म्हणाली. "मी नावेनं जाईन."

कुजबुजत नाही. खणखणीत. शेवटच्या रांगेपर्यंत.

सगळ्या नाट्यगृहानं माना वळवल्या. राजासाहेबांनी खाली पाहिलं आणि त्यांना ती दिसली. त्यांचा चेहरा रंगाखालूनही पांढरा झालेला तिला दिसला. त्यांना दुसरा मार्ग नव्हता.

"पूल नको," राजा म्हणाला. "मी नावेनं जाईन."

लोक हसले. आता राजासाहेबांना पुढची दोन वाक्यं होती, आणि इतकं झाल्यावर ती कुठली आठवायला? त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती गप्प. मनात तिनं पाच आकडे मोजले, एकेक, सावकाश. एवढा वेळ रंगमंचावर किती लांब असतो, हे तिला चांगलं माहीत होतं. मग तिनं वाक्य दिलं. पुढच्या वाक्याला तिनं सात मोजले. वर्गात पाठांतर न केलेला मुलगा शेजारच्या मुलीकडे पाहतो, तसा तो राजा तिच्या तोंडाकडे पाहत होता, आणि लोक पोट धरून हसत होते. तिला ते गोड लागलं. फार गोड लागलं.

मग दिवे निळे झाले आणि ताई आली.

ताईनं खरी नाव असावी तसा पाय जपून टाकला. कुजबुज खाली बसली. गंमत म्हणजे हा प्रवेश तिनं पन्नासदा ऐकला होता आणि एकदाही पाहिला नव्हता. प्रॉम्प्टरचे डोळे कायम पानावर. वल्हं खाली जाताना ताईचा खांदा कसा वाकतो, हे कुठं पेन्सिलीनं लिहिलेलं नव्हतं.

नाववालीला ठाऊक नसतं की समोर राजा बसला आहे. ती बोलता बोलता सांगते, माझा भाऊ राजाच्या लढाईवर गेला, अजून आला नाही. म्हणून मी रोज शेवटच्या खेपेला थोडी थांबते. राजानं विचारायचं असतं, "त्याचं नाव काय?"

राजासाहेब पुन्हा घुटमळले. त्यांची नजर पहिल्या रांगेकडे आली. या वेळी कुजबुजनं काही मोजलं नाही. आवाजही केला नाही. नुसते ओठ हलवले. त्यांनी ते वाचलं आणि विचारलं, इतक्या हळू, की सगळं नाट्यगृह पुढे झुकलं.

ताईनं नाव सांगितलं नाही. बाईंनी तसंच लिहिलं होतं. ती फक्त वल्हवत राहिली. आणि राजानं न बोलता दुसरं वल्हं उचललं आणि तोही वल्हवू लागला, आणि त्याचे डोळे खरंच भरून आले होते. तो माणूस इतकं सुंदर काम करतो, याचा कुजबुजला मनस्वी राग आला. राग आला आणि रडूही आलं. शेजारी फुगी तिच्या खांद्यात तोंड खुपसून हुंदके देत होती. पलीकडे काका नाक पुसत होते, तेही बाहीनं, त्या कडक इस्त्रीच्या.

नाटक संपलं. सगळे नट हात धरून रांगेत उभे राहिले. ताईला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. मग राजासाहेब एक पाऊल पुढे आले.

"मंडळी, आजची गंमत आवडली ना? ती आम्ही मुद्दाम ठरवून केली होती. ही आमचीच छोटी कलाकार. ये गं, वर ये." आणि त्यांनी हात पुढे केला.

लोकांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. फुगीनं डोळे पुसले.

"ठरवलं होतं? आणि मला बोलली नाहीस?"

हो म्हणणं अगदी सोपं होतं. राजासाहेबही सुटले असते आणि तीही.

"ठरवलं नव्हतं," कुजबुज म्हणाली. "तो प्रवेश मी पुस्तकातून खोडला. त्यांची फजिती व्हावी म्हणून."

 फुगीनं आपला हात काढून घेतला.

"ताईचा प्रवेश?"

"ताईचा आहे हे माहीत नव्हतं."

"मी सांगितलं की."

"सांगितलंस. त्यानंतरही मी बसून राहिले. दीड मिनिट."

फुगीचे गाल फुगले नाहीत. ती बाबांकडे पाहत राहिली. ते अजून उभे राहून टाळ्या वाजवत होते. मग तिनं न वळता विचारलं, "आणि तू झोपली नव्हतीस ना त्या दिवशी?"

"नाही."

"मग हे मला सांगून काय उपयोग?"

कुजबुज उठली. पायऱ्या चढून रंगमंचावर गेली. राजासाहेबांचा हात हवेतच राहिला. ती त्यांच्यापुढून गेली, दिग्दर्शकबाईंसमोर उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाई, पुस्तकातला प्रवेश मी खोडला. तो मी परत लिहून देईन."

टाळ्या थांबल्या. 

मग ती राजासाहेबांकडे वळली. आता पाळी त्यांची होती. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि शेवटी तिच्या तोंडाकडे पाहिलं. काय बोलायचं ते दोघांनाही माहीत होतं.

कुजबुजनं ओठ घट्ट मिटले, हाताची घडी घातली, आणि ती वाट बघत उभी राहिली.