सात वाढल्या, ओव्हर!

मी हिरवी बांगडी बोलतेय. जरा जपून ऐका, काचेची आहे. माझ्या वीस बहिणी एकाच दिवसात गेल्या. खरं तर मी रडायला हवं, पण तो दिवस आठवला की मला हसू येतं, आणि मी हसले की किणकिण होते.

माझा जन्म फिरोजाबादच्या भट्टीतला. गवतात गुंडाळून रेल्वेने गोंदियाला आले आणि बाजारातल्या कासाराने मला दुर्गेश्वरीच्या हातात चढवलं. "हात हाये का लाकूड, बाई?" तो घामाघूम होऊन म्हणाला. नवरी पोलिसात आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. उजव्या हातात दहा, डाव्यात अकरा. डाव्या हातातली अगदी मनगटाजवळची, नाडीवर टेकलेली, ती मी.

लग्नाच्या बाविसाव्या दिवशी तिला अंगरक्षकाची ड्यूटी लागली. "काचेच्या बांगड्या घालून बंदोबस्त? काढा आधी!" साहेब ओरडले. घरी सासूबाई, म्हणजे रुख्मिणीबाई, तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "सव्वा महिना चुडा उतरत नाई. तुया सायबाले सांग, घरी त्याच्याहून मोठी सायब हाये."

दुर्गेश्वरीने दोघांचंही ऐकलं. नवऱ्याचे लग्नातले नवे मोजे घेतले, पंजे कापले आणि उरलेल्या नळ्या आमच्यावरून कोपरापर्यंत ओढल्या. चुडा शाबूत, आवाज बंद. नवरा बिचारा आठ दिवस मोजे शोधत होता.

सासूबाईंनी तिला पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवली होती. बांगडी फुटली असं तोंडातून काढायचं नाही. 'वाढली' म्हणायचं. पुढचा सगळा गोंधळ या एका शब्दाचा.

ड्यूटी होती अन्नपूर्णाताईंची. चार वेळा निवडून आलेल्या, वय बहात्तर, काळीज जेमतेम पाव चालणारं, सोबत प्राणवायूचं नळकांडं. देवरीच्या पलीकडे जंगलातल्या एका गावाला त्यांनी नाल्यावर पूल बांधून द्यायचा शब्द दिला होता. पूल झाला होता, आज उद्घाटन. आणि दोनच दिवसांपूर्वी गावाबाहेरच्या झाडावर नक्षलवाद्यांची चिठ्ठी सापडली होती: 'ताई आली तर परत जाणार नाही.' डॉक्टरांनीही साधारण हेच सांगितलं होतं.

"मी जाऊन राहिली," ताई म्हणाल्या. "दोघायचंही अक्षर खराब हाये. मले वाचता येत नाई."

वाटेत पुढची पोलीस गाडी पंक्चर झाली. ताई थांबायला तयार नव्हत्या. मग आमची एकच गाडी पुढे निघाली: चालवायला कवडूभाऊ, मागे ताई आणि दुर्गेश्वरी.

देवरीत चहासाठी थांबलो, तेव्हा दुपट्ट्याखाली काहीतरी गोल, जड लपवून एक माणूस ताईंच्या दिशेने पळत आला. दुर्गेश्वरीने झेप घेतली. दोघंही चिखलात. दुपट्ट्यातून घरंगळला तो कोहळा.

"काऊन पाडलं वं बाई?" माणूस रडवेला झाला. "ताईच्या काळजासाठी रस काढा म्हणून आणला होता!"

कोहळा गाडीत घेतला. कवडूभाऊंनी विचारलं, "लागलं का वं पोरी?"

"नाई. तीन वाढल्या."

हे बोलताना तिचा अंगठा वॉकीटॉकीच्या बटणावर होता. कंट्रोल रूममध्ये रोशन नावाचा शिपाई ताडकन उठला. "तीन वाढल्या? कोन वाढल्या? ओव्हर!" पण तोवर गाडी घाटात शिरली होती आणि त्याचा आवाज आमच्यापर्यंत पोचत नव्हता. पुढे एका खड्ड्यात गाडी अशी आदळली की दुर्गेश्वरी पुन्हा बोलली, "अजून चार. सात वाढल्या." अंगठा पुन्हा तिथेच. रोशनने वहीत लिहिलं: सात महिला नक्षली, संख्या वाढत आहे. हे सगळं आम्हाला नंतर चौकशीत कळलं.

पुढच्या वळणावर रस्त्यात झाड आडवं पडलेलं होतं. वाऱ्याने नव्हे. बुंध्यावर कुऱ्हाडीचे ताजे घाव होते.

दुर्गेश्वरीने ताईंना सीटवर दाबलं, स्वतः त्यांच्यावर पडली, उजव्या हातात पिस्तूल. माझ्या उरलेल्या तेरा बहिणी तेव्हाच गेल्या. "पोरी," खालून ताई म्हणाल्या, "गोळीच्या आधी तुया वजनानं मरीन मी." आणि मग त्या बोलेनाशा झाल्या. ओठ निळे पडले. नळकांड्याचा काटा शून्यावर. समोर झुडपं हलत होती. वॉकीटॉकीत नुसती खरखर.

बाहेरून पाहणाऱ्याला ती दगड वाटली असती. मी नाडीवर होते. मला ठाऊक आहे ती किती घाबरली होती.

आणि सायरन! एक नाही, चार गाड्यांचे. सात महिलांसाठी खास महिला पथक आणि चकमक झालीच तर म्हणून डॉक्टरसह अॅम्बुलन्स. झुडपातून चौघं असे पळाले की एकाची चप्पल अजून तिथेच असेल. डॉक्टरांनी ताईंना उचलून प्राणवायू लावला.

पथकाच्या मॅडम बंदूक रोखून म्हणाल्या, "त्या सात जणी कुठायत?"

दुर्गेश्वरीने मोजा खाली सरकवला. हिरव्या काचा खळकन रस्त्यावर पडल्या. मॅडमनी आपल्या हातातल्या बांगड्यांकडे पाहिलं आणि तिथेच आडव्या झाडावर बसून पोट धरून हसल्या.

अर्ध्या तासाने ताईंच्या ओठांना रंग आला. डॉक्टर म्हणाले, परत फिरा. ताईंनी मास्क उचलला. "पूल किती दूर हाये?"

"तीन किलोमीटर. पण ताई..."

"मंग पण कायले?"

झाड हटलं. अॅम्बुलन्स सायरन वाजवत फीत तोडून पुलावरून गेली आणि वळून परत आली. भाषण नसलेलं उद्घाटन गावाने पहिल्यांदाच पाहिलं. लोक भलतेच खूश होते.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ताईंनी दुर्गेश्वरीच्या हातातली शेवटची मी पाहिली. "वीस वर्षं झाली हात मोकळे हायेत माये," एवढंच म्हणाल्या. दुर्गेश्वरीने ताईंना बघायला सोबत आलेल्या सासूबाईंकडे पाहिलं. सव्वा महिन्याला अजून चौदा दिवस होते.

रुख्मिणीबाई उठल्या, सुनेच्या हातातून मला उतरवलं आणि विधवा ताईंच्या सुकलेल्या मनगटावर चढवलं. "चौदा दिवसायचं मी पाहून घेईन," त्या म्हणाल्या. "मोठी सायब हावो मी."

तेव्हापासून मी इथे आहे. इथली नाडी फार हळू चालते, कधी एखादा ठोका चुकवतेसुद्धा. मीही काचेची आणि ताईंचं काळीजही काचेचं. आधी कोण, ते ठाऊक नाही. मागणं एवढंच आहे: त्या दिवशी कुणी 'फुटली' म्हणू नका. 'वाढली' म्हणा, आणि जमलं तर वॉकीटॉकीचं बटण दाबून म्हणा.

रोशन गाड्या पाठवेल.