आतून लावलेली पट्टी

विष्णुपुरी धरणाच्या फुगवट्याचं पाणी उतरायला लागलं की बुडालेल्या बाभळींची खुंटं वर येतात, पण दिसत नाहीत. त्यातल्याच एका खुंटानं व्यंकटच्या फायबर बोटीचा तळ वीतभर फाडला आणि पलीकडच्या काठावर हळद वेचायला जाणाऱ्या बायांची वाट बंद झाली. पुलावरून वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस रस्त्यातच जातो. मग व्यंकटनं लातूरकडच्या मुरुडहून मृत्युंजयला बोलावून घेतलं. मृत्युंजय फायबरच्या पाण्याच्या टाक्या दुरुस्त करायचा. व्यंकटच्या सासुरवाडीची फुटकी टाकी त्यानं अशी बुजवली होती की त्यातून पुन्हा थेंब गळला नव्हता.

बोटही त्यानं तशीच केली. आत उतरून चीर घासली, थिनरनं पुसली, काचेच्या धाग्यांची मॅट चिकट रेझिनमध्ये भिजवून थरावर थर दिले आणि आतून जाड पट्टी बसवली. बाहेरून चिरेत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, तिच्यावर पांढऱ्या जेलकोटचा हात फिरवला आणि वाळल्यावर पॉलिश पेपर मारला. बोट शोरूममधून आणल्यासारखी दिसायला लागली.

"आता हिच्यात बसायचं का भांग पाडायला आरसा म्हणून भिंतीला टांगायची?" तुळजाबाई म्हणाली. बायांच्या टोळीची ती मुकादम. अंगानं थोराड, तोंडानं फटकळ.

"बसा मावशी. घट्ट हाय."

"आम्ही तर बसतोच. पण तू बी बस. दुरुस्त करणारानं पहिल्या फेरीला जोडावर बसायचं, ही ह्या घाटाची रीत हाय."

 मृत्युंजयला पोहता येत नव्हतं. त्यानं व्यंकटकडं पाहिलं. व्यंकट इंजिनाची दोरी गुंडाळत होता. 

"लातूरकडचा हाय गं त्यो," महादेवी नावाची पोरगेली बाई मागून म्हणाली. "त्यांच्याकडं पाणी रेल्वेनं आलतं. एवढं पाणी एका जागी बघून भ्यालं असंल लेकरू."

बाया खिदळल्या. मृत्युंजय निमूट चढला आणि पट्टीवर मांडी घालून बसला. त्याच्या चहूबाजूंनी बाया दाटीवाटीनं बसल्या. व्यंकटनं दिलेली लाइफ जॅकेटं त्यांनी घातली नाहीत, डब्यासारखी मांडीवर धरली. मृत्युंजयलाही एकट्यानं घालायची लाज वाटली.

इंजिन सुरू झालं. काठ मागं गेला. नाक वर करून बोट वेगानं निघाली आणि तळावर पाण्याचे धपके बसू लागले. काहीतरी धरायला म्हणून मृत्युंजयनं हात खाली टेकला. तळव्याखाली पट्टी हलली.

आधी त्याला भास वाटला. धपका बसला तशी ती पुन्हा वर आली. दाबली की बसायची, पुढच्या धपक्याला उचलायची. त्यानं मांडी सरकवून पाहिलं. पट्टीची एक कड सुटून पांढरी पडली होती.

आणि मग त्याला कळलं. टाकीत पाणी आत असतं. ते पट्टीला भिंतीवर दाबून धरतं, म्हणून तो आयुष्यभर आतून पट्टी लावत आला. इथं पाणी बाहेर होतं. ते चिरेतून घुसून पट्टीला आत ढकलत होतं. शिवाय तळात मुरलेलं डिझेल, त्यावर रेझिन धरत नाही. ते थिनरच्या एका बोळ्यानं निघालं नसणार. बाहेर होती ती नुसती लांबी आणि चमक.

पलीकडचा काठ दिसत होता. पट्टी त्याच्या मांडीखाली होती, कुणाला दिसत नव्हती. तसंच बसून राहावं, तिकडं पोचल्यावर व्यंकटला बाजूला घेऊन सांगावं, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला. तेवढ्यात त्याची पँट भिजली.

ओरडावं तर बाया उभ्या राहतील आणि बोट कलंडेल. तो शेजारच्या तुळजाबाईकडं झुकला.

"मावशी, हसू नका. उठूबी नका. पट्टी सुटायलीय. वेगानं जास्त सुटंल."

तुळजाबाई हसली नाही. तिनं त्याच्या मांडीकडं पाहिलं, मग बायांकडं.

"व्यंकट, मशीन बंद कर रे!" ती ओरडली. "माझं डोकं गरगरायलंय. वल्ह्यानं माघारी घे."

"मावशी, अर्ध्यात आलो की."

"अर्ध्यातच गरगरायलंय! का तुझ्या बोटीत ओकू?"

इंजिन थांबलं. धपके थांबले. तुळजाबाई हळूच सरकली.

"सरक. तुझ्यात वजन काय हाय?" ती पुटपुटली आणि पायाखालची फळी पट्टीवर सारून तिच्यावर ठाण मांडून बसली. "अन् गं महादेवे, जॅकेट घाल. समद्याजणी घाला. गार वारं सुटलंय."

वारं नव्हतं. पण तिचा आवाज ऐकून बायांनी जॅकेटं चढवली.  हसणं बंद झालं. एक वल्हं व्यंकटनं घेतलं, दुसरं मृत्युंजयनं. त्याला वल्हवता येत नव्हतं. व्यंकट खालच्या आवाजात सांगेल तसं तो ओढत राहिला. फळीच्या कडेनं पाणी येऊन बायांच्या पावलांपर्यंत पोचलं. त्यांनी पावलं आखडली, पण एकही जागची उठली नाही. बोटीचा तळ चिखलाला लागला तेव्हा मृत्युंजयच्या हातातून वल्हं गळून पडलं.

सगळ्या उतरल्यावर तो काठावर उभा राहिला.

"चूक माझी हाय. टाकीला करतो तसं केलं. पट्टी बाहेरून पाहिजे होती."

व्यंकटनं त्याची गचांडी धरली. "मिस्त्री, कुणाचं लेकरू वाट बघत बसलं असतं, कळतंय का तुला?"

"कळतंय."

"सोड त्याला," तुळजाबाई म्हणाली. "टाकीसारखं केलं ना? आता बोटीसारखं करू दे."

बोट पालथी घातली. जवळच्या मोटरीच्या खोलीतून वायर ओढून मृत्युंजयनं ग्राइंडर लावला आणि आपणच चमकवलेला जेलकोट उडवायला सुरुवात केली. चिरेच्या दोन्ही बाजूंनी तो चांगला हातभर रुंद घासत गेला. पांढरी भुकटी त्याच्या भुवयांवर बसली.

बाया रस्त्याकडं निघाल्या. तुळजाबाई थांबली.

"वाळली की पुन्हा तूच जोडावर बसायचं, बरं का."

त्यानं ग्राइंडर बंद केला. "बसतो. पण तुम्ही कुणीच न्हाई. आधी मी अन् व्यंकटराव मधोमध जाऊन येतो, भरधाव. कोरडी राहिली तरच तुम्ही चढा."

"रीत तशी न्हाई."

"मग रीत बदला, मावशी."

 तुळजाबाईनं अंगातलं जॅकेट काढलं आणि त्याच्या पिशवीवर टाकलं.

"हे घालून बस. मांडीवर ठेवू नको."